डोळ्यांवर पट्टी नसलेला न्याय

माझा भागीदार वसंता याने मला फसवले. माझ्या आईचा गोडा मसाला तो आता स्वतःच्या आईचा म्हणून विकतो.

काल भाचीने माझे भविष्य बघायला टॅरोच्या पत्त्यांतले एक पान काढले. तराजू आणि तलवार घेतलेली बाई निघाली.

"मामा, हा न्याय."

"उशिरा येणार असेल तर दुसरं पान काढ."

"इथेही घासाघीस?" ती हसली.

या बाईच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. तराजू धरणाऱ्याने बघायलाच हवे, हे मी दुकानात शिकलो. तलवार दुधारी होती, म्हणजे ती मलाही प्रश्न विचारील. खुशाल विचारू दे. बघणाऱ्यासमोर खोटे फार टिकत नाही, या विचाराने खूप दिवसांनी बरे वाटले.

वसंता, तिच्या डोळ्यांत बघून सांग, तो मसाला कोणाच्या आईचा?