समुद्रफेनात पाणी शिरलं

शोभाताईंच्या हातात नवं पाठ्यपुस्तक आलं की त्या आधी पेन्सिल शोधायच्या. ब्रिस्टलच्या आमच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. चुकीच्या ओळीवर काट मारून त्या म्हणायच्या, "छापलेलं सगळं खरं मानलं असतं ना, तर आमची माणसं अजून गावाबाहेरच असती."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. हक्क ताईंचाच होता. निवडीआधी कौन्सिलचे इन्स्पेक्टर त्यांच्या तासाला येऊन बसले, सोबत हेडटीचर आणि मी. शंखातल्या कप्प्यांच्या जोरावर तरंगणाऱ्या नॉटिलस या समुद्रजीवाचा धडा चालू होता. इन्स्पेक्टर मध्येच म्हणाले, "पाणबुडीसारखंच! तो आत गॅस भरतो, गॅस पाण्याला बाहेर ढकलतो." पुस्तकातही तेच होतं. ताईंनी भुवई उंचावली तशी मी घाईनं मराठीत म्हटलं, "ताई, जाऊ द्या ना. प्रमोशनचा प्रश्न आहे."

"मग माझ्या प्रमोशनसाठी पोरांनी चुकीचं शिकायचं?"

सकाळीच त्यांनी मासळीवाल्याकडून ताजी कटलफिश आणली होती. तिच्या पाठीतलं हाड, म्हणजे आपलं समुद्रफेन, तसंच कप्प्याकप्प्यांचं असतं. ते निळा रंग घातलेल्या पाण्यात बुडवून ताईंनी सुई उचलली.

"आत गॅस दाबून भरलेला असेल, तर टोचल्यावर काय होईल?"

"बुडबुडे!" मुलं ओरडली.

ताईंनी टोचलं. एकही बुडबुडा आला नाही. उलट निळं पाणीच आत शिरलं.

"कप्प्यातल्या पाण्यातले क्षार प्राणी रक्तात ओढून घेतो. क्षारांमागोमाग पाणी जातं. रिकाम्या जागेत गॅस नंतर सावकाश झिरपतो. त्याचा दाब बाहेरच्यापेक्षा कमीच असतो. तो काहीही ढकलत नाही, सर."

इन्स्पेक्टरांचे कान लाल झाले. जागा दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. मला संतापानं रडू फुटलं. ताईंनी डबा उघडला.

"रडतेस काय? पोळी खा. पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय. आता ते कुणाच्या बापाला पुसता येणार नाही."

नव्वदच्या दशकात त्या साध्या शिक्षिका म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात हेडटीचर लाडानं म्हणाले, "आमच्या जरा डिफिकल्ट शोभा!" सगळे हसले. ताई उभ्या राहिल्या.

"डिफिकल्ट नाही, मी बरोबर होते. आणि तुम्हाला ते तेव्हाही माहीत होतं."

टाळ्या मी एकटीनंच वाजवल्या, हात दुखेपर्यंत.