लांडग्याच्या दारात बसलेली भामामावशी

भामामावशी माळावर कधी सावलीला बसत नसे. बाभळ दहा पावलांवर असली तरी ती उंचवट्यावर, उघड्यावर, पदर पुढे ओढून बसायची. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "लांडग्याला आपुन दिसलो पायजे. लपून बसतो त्यो शिकारी. राखणदारानं उघड्यावर बसावं."

तेव्हा मी वनरक्षक म्हणून आष्टी तालुक्यात नवाच आलो होतो. भरतीच्या परीक्षेत लांडग्यावर एक प्रश्न होता, तो मी बरोबर सोडवला होता; प्रत्यक्ष लांडगा मात्र पाहिलेला नव्हता. भामामावशी धनगराची, साठी ओलांडलेली, विधवा. लेक आणि सून ऊसतोडीला गेले की पुढचे कित्येक महिने ती, तिचं कुत्रं आणि साठ-सत्तर मेंढरं. इकडे लांडगे किती असतील, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. "मोजायला ती काय माझी मेंढरं हायत?" ती म्हणाली. मग ओढ्याच्या ओल्या वाळूत नेऊन तिनं मला माग दाखवला. पावलं एका सरळ रेषेत गेली होती. "कुत्र्याचं पाऊल हिकडं तिकडं भटकतंय. ह्यो कामाला निघालेला हाय."

लांडग्यांबद्दल तिला भाबडं प्रेम होतं असं नाही. त्या हिवाळ्यात एक कोकरू लांडग्यानं तिच्या डोळ्यांदेखत उचललं. तिनं कुत्रं सोडलं, काठी घेऊन धावली, शिव्या घातल्या, आणि परत येऊन रडत बसली. "मावशी, राग नाही येत?" मी विचारलं.

"येतोय की. लई येतोय. पर माळावर हरणं होती तवा त्यो मेंढराकडं बघत न्हवता. हरणं कुणी खाल्ली? आपुनच. मग त्यानं कुटं जावं?"

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. "सायब, या. मी बसलेय." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

मोटारसायकलवरून पोचायला मला पाऊण तास लागला. ओढ्याच्या काठाला एक बीळ होतं, त्यात लांडगिणीची पिल्लं होती. ते मावशीला ठाऊक होतं, मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्या बिळाच्या तोंडाशी पाठ लावून ती बसली होती आणि सगळी मेंढरं तिनं भोवती दाटून उभी केली होती. समोर गावातले एक बागायतदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, चार गडी आणि तीन शिकारी कुत्री घेऊन उभे. गड्यांच्या हातात कडबा आणि वाळल्या मिरच्या. बिळात धूर करून पिल्लं मारायची होती. अण्णांच्या गोठ्यातल्या शेळ्या लांडग्यानं फाडल्या होत्या; त्यांचा राग खोटा नव्हता.

"मावशी, सरक बाजूला," अण्णा म्हणत होते. "तुझं बी कोकरू नेलंय की त्यानं."

"नेलंय. ते त्याचं माझं भांडण हाय. मिटवायला तुमाला कुणी बोलीवलं?"

"उद्यापासून माझ्या रानात मेंढरं बसवायची न्हाईत."

शेतात मेंढरं बसली की शेताला खत मिळतं आणि धनगराला चारा, पाणी, धान्य. अण्णांचं रान म्हणजे मावशीचा अर्धा हिवाळा. ती म्हणाली, "बरं." आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. त्या एका शब्दानं मी जागच्या जागी थांबलो. मग पुढे होऊन मी कायदा सांगितला, गुन्हा नोंदवीन म्हणालो. माझ्या अंगावर गणवेश होता. पण खरं सांगायचं तर मी तिथं एकटा असतो तर पाच माणसांपुढे इतकं ठाम बोललो नसतो.

ते गेल्यावर मावशीनं मेंढरं उठवली. आम्ही पलीकडच्या टेकाडावर, बऱ्याच अंतरावर जाऊन बसलो. "आता लांडगीण पिल्लं हितं ठेवायची न्हाई," ती म्हणाली. दिवस कलायला लागला तेव्हा समोरच्या वाळल्या गवतातून, गवताच्याच रंगाची, लांडगीण उभी राहिली. इतका वेळ ती तिथंच होती. तिनं आमच्याकडे पाहिलं. मावशीनं कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. लांडगीण बिळात शिरली, तोंडात एक पिल्लू धरून निघाली, टेकाडामागे नाहीशी झाली आणि परत आली. अशी पाच वेळा. मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. तिनं त्यांच्याकडे मान वळवली नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. पाचवं पिल्लू गेल्यावर मावशी हळूच म्हणाली, "संपलं बग बाईचं काम," आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

अण्णांनी शब्द पाळला. त्यांचं पाहून इतरांनीही तिला रानं बंद केली. दोन हिवाळे ती मेंढरं घेऊन पार बालाघाटाच्या डोंगराकडे हिंडली. लेक फोनवर चिडायचा, "लांडग्यापायी कशाला रान घालवलं?" ती मला एवढंच म्हणाली, "त्याचं बी खरं हाय. पर मी उठले असते, तर मला झोप आली नसती."

तिसऱ्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

दहाव्याला मी गेलो. माणसं पांगायला लागली तेव्हा अण्णा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "सायब, माज्या उसात लांडगीण व्यालीय. चार पिल्लं हायत. त्या कोपऱ्याची तोड मी थांबवलीय." जायला वळता वळता ते म्हणाले, "कुणाला सांगू नका."