पाठीमागची सातवी

आमच्या गावच्या शाळेत मुलं इतकी घटलीत की सहावी-सातवी एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसतात. समोरासमोरच्या भिंतींवर एकेक फळा. पुतणीचा विसरलेला चष्मा द्यायला गेलो, तेव्हा बाईंनी सातवीला प्रश्न विचारला आणि उत्तर आलं सहावीतल्या एका मुलीकडून, मान न वळवता.

"तुला नाही विचारलं गं," बाई म्हणाल्या. "तुझी सातवी पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी शाळा बंद होणार म्हणतात, बाई. आई तालुक्याला पाठवायची नाही. म्हणून आत्ताच ऐकून घेते."

शाळेची गुणवत्ता तपासणारे हिला कुठल्या वर्गात धरतील? मला दारात थांबवेना, निघवेनाही. मग बाईंनी सातवीचा तोच धडा पहिल्यापासून सुरू केला, जरा मोठ्यानं.