बटन बसंना

मुंडकं उडवण्याआधी समोरच्याला सलाम ठोकणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. केजच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून उस्तादांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की उस्ताद एका जुन्या टीव्हीला त्यांचा कॉम्प्युटर जोडत. कॉम्प्युटर कसला, नुसता जाडजूड कीबोर्ड. जे काय असेल ते सगळं त्याच्याच पोटात. पडद्यावर दोन तलवारबाज समोरासमोर उभे राहत. डावा माझा, उजवा उस्तादांचा. उस्ताद उजवा हात कपाळाला लावून माझ्या माणसाला सलाम करत आणि मिनिटाभरात त्याचा मुडदा पाडत. साठी उलटलेला, पाच वेळा नमाज पढणारा, मुंगीलासुद्धा वळसा घालून जाणारा माणूस! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडात बोट घातलं होतं.

ते यंत्र मुळात त्यांचं नव्हतंच. तीसेक वर्षांपूर्वी बीडचं एक गिऱ्हाईक दुरुस्तीला ठेवून गेलं, ते परत फिरकलंच नाही. दुसऱ्या कुणी केव्हाच भंगारात घातलं असतं. उस्ताद म्हणत, "अमानत हाय. उद्या मालक आला तर चालू करून दाखवावं लागंल. आन् चालू ठेवायचं तर खेळावं लागतं, बे." खेळ होता कॅसेटमध्ये. टेप जोडून कॅसेट लावली की पाच मिनिटं असा किर्रकिर्राट चालायचा, की समोरचा रसवंतीवाला शिव्या घालायचा. उस्ताद मात्र डोळे मिटून ऐकत. मधेच "गडबडलं" म्हणून कॅसेट मागं घेत. पडद्यावर अजून काहीच आलेलं नसायचं, पण त्यांचा कान कधी चुकला नाही.

"गिऱ्हाईक बोट दावतं तिथं फॉल्ट कदीच नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा वडवणीच्या एक बाई टीव्ही घेऊन आल्या. आवाज येत नाही, स्पीकर बदला म्हणाल्या. उस्तादांनी टीव्हीला हातसुद्धा लावला नाही. उठले, बाईंच्या मागे गेले आणि फाडकन टाळी वाजवली. बाईंनी मान वळवली नाही. मग समोर येऊन त्यांना मोठ्यानं म्हणाले, "ताई, टीव्ही घरी न्या. आदी कान दावा डॉक्टरला." मी चकितच झालो. पुढे आठवडाभर हा किस्सा मी प्रत्येक झेरॉक्सबरोबर फुकट वाटला.

भिंतीवर खडूनं आमचा हिशोब असे. जिंकलेल्या बाजीची एक रेघ. त्यांच्या बाजूला रेघांचं रान माजलेलं आणि माझी बाजू दोन वर्षं कोरी. मी जातीचा चिडका. बायको म्हणायची, "म्हाताऱ्या माणसाशी कसली ईर्ष्या करता?" पण एकदा तरी उस्तादांना आडवं पाडायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि तो दिवस उगवला. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट, सव्वादोनचा सुमार. उस्तादांनी सलामाला हात उचलला तो अर्ध्यातूनच खाली आला. मला वाटलं, गुर्मी आली म्हाताऱ्याला. त्यांचा माणूस ढिम्म उभा. मी एक वार केला, दुसरा केला, तिसऱ्याला मुंडकं खाली! अहो, मी स्टुलावरून उडीच मारली. रस्त्यावर जाऊन रसवंतीवाल्याला ओरडून सांगितलं. आत येऊन हातभर रेघ ओढली.

उस्ताद कीबोर्डकडे बघत म्हणाले, "बटन बसंना बे."

"हारल्यावर बटनाचं नाव घ्या!" मी म्हणालो. काय जीभ माझी!

त्यांनी पेचकस उचलला, तो हातातून पडला. "घाम लई आलाय. तूच खोल, झेरॉक्स," म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारत. मी खोललं. ते सांगत गेले, मी बटनं पुसत गेलो, एकेक करून सगळी. जोडलं, पुन्हा ती कॅसेट, पुन्हा तो किर्रकिर्राट. बटन बसेना. परत खोललं. त्यांचे शब्द जड यायला लागले होते, मला वाटलं तोंडात पान आहे. साडेचार वाजले.

शेवटी म्हणाले, "आता तू दाब."

मी दाबलं. त्यांच्या माणसानं खाडकन तलवार उगारली. त्यांनी दाबलं; बोट बटनावर नुसतं पडून राहिलं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तलवार वर. मग उस्तादांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, टेबलावरच्या दिव्याखाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"मशीन ठीक हाय," ते म्हणाले. "फॉल्ट हितं हाय."

हाका मारून जीप थांबवली, त्यांना अक्षरशः उचलून घातलं आणि अंबाजोगाई गाठली. तिथं डॉक्टरांनी विचारलं, "हात कधीपासून उचलत नाही?"

"सव्वादोनपासून."

"नक्की? अंदाजे सांगू नका, वेळेवरच सगळं अवलंबून आहे."

"नक्की," मी म्हणालो. "तेव्हाच मी जिंकलो."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. घड्याळात सहाला दहा कमी होते. "फार उशीर केलात," एवढंच बोलले.

उस्ताद वाचले. हात गेला तो गेलाच. तीन महिन्यांनी काठी टेकत दुकानात आले आणि आधी भिंतीकडे पाहिलं. माझी रेघ मी त्याच रात्री पुसली होती. "काहून पुसली?" त्यांनी विचारलं. त्यांनी डाव्या हातानं खडू घेतला आणि वाकडीतिकडी रेघ पुन्हा ओढली. "मशीन ठीक व्हतं ना? मंग बाजी तुजी." मी तिथंच ढसाढसा रडलो.

थंडीत उस्ताद गेले. यंत्र त्यांच्या मुलीनं माझ्याकडे आणून दिलं. बीडचा मालक आला तर चालू दाखवायचं म्हणून. म्हणून आठवड्यातून एकदा मी कॅसेट लावतो. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात. डावीकडची बटनं मी दाबत नाही. उजवीकडे हात नेतो आणि त्यांचं ते बटन एकदा दाबून बघतो.

दर वेळी बसतं.