हिराला शिकवलेला स्वल्पविराम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. तुम्हाला का सांगतेय—माहीत नाही.

साठ साल अजून उजाडायचं होतं. वडील पनवेलच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. हिरा वाशीगावच्या कोळ्याची मुलगी. तिकडे पुढची शाळा नव्हती, म्हणून आमच्याकडेच राहून शिकायची. आम्ही एका ताटात जेवायचो. शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी शाळेतून एकाच मुलीचं नाव जायचं होतं, आणि वडील माझ्यासमोर म्हणाले, "हिराचं जाईल." म्हणजे मी कोण? सख्ख्या बापानं केसानं गळा कापला, असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू—अजूनही ते दुखतं.

पण नाव पक्कं होण्याआधी इंग्रजीचा शेवटचा निबंध व्हायचा होता. नेमके वडील तापानं अंथरुणाला खिळले, आणि मला म्हणाले, स्वल्पविराम कुठे द्यायचे ते हिराला तू शिकव. मला ते तोंडपाठ होतं. आणि मी तिला काय सांगितलं? वाचताना जिथे दम घ्यावा लागेल, तिथे द्यायचा. बस. होडीतून काठावर हाका मारत वाढलेली ती—अख्खा परिच्छेद एका दमात वाचायची. हे मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं.

तिच्या निबंधात स्वल्पविराम जवळजवळ नव्हतेच. बरे झाल्यावर वडिलांनी कागद आमच्यापुढे टाकला आणि मला विचारलं, "नीट शिकवलं होतंस ना?" मी म्हणाले—शिकवलं होतं, हिचंच लक्ष नव्हतं. हिरा शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चुकी माजीच हाय, मास्तर."

का म्हणाली? आमचं मीठ खाल्लं होतं म्हणून? मी कधी विचारलं नाही. जी मन लावून शिकत नाही ती शिकवणार काय, असं म्हणून वडिलांनी तिचं नाव काढलं. ती पेटी उचलून गावी गेली. ट्रेनिंगला तिच्या जागी नाव माझं गेलं. जन्मभर मी इंग्रजी शिकवलं.

वडील मात्र कुढत राहिले. इतका जीव लावला आणि पोरीनं दगा दिला—शेवटच्या आजारातही हेच. मी त्यांचे पाय चेपत ऐकायचे.

ते गेले तेव्हा हिरा आली होती. डोक्यावरची मासळीची पाटी तिनं दाराबाहेर ठेवली, त्यांच्या पायांवर डोकं टेकून रडली, आणि माफी मागितली. मी शेजारीच बसले होते. तेव्हाही मी काही बोलले नाही.