काखेतली गाठ आणि मांजराचा ओरखडा

माधवनगरच्या आमच्या शेडमधले दोन्ही माग मी स्वतः जोडलेत. सुताच्या कांड्या भरायचं यंत्रही माझ्याच हातचं. उंदीर सूत कुरतडतात म्हणून मांजर पाळली, तिच्या पिल्लांचं खोकंही मीच केलं. कुणाकडं शिकायला गेलो नाही.

पण बायकोच्या काखेत गाठ आली आणि माझे हात चालेनात. डॉक्टरांना कॅन्सरची शंका होती, म्हणून गाठीचा तुकडा तपासायला दिला. आज सांगलीत रिपोर्ट मिळाला. कॅन्सर नाही! मांजराच्या ओरखड्यातून झालेला संसर्ग आहे, बरा होईल.

डॉक्टर म्हणाले, "मांजरानं ओरबाडल्याचं आधी का नाही सांगितलं?"

ही म्हणाली, "आवं डॉक्टर, मागावरच्या मानसाचं हात कायम खरचटल्यालंच. त्यात मांजराचं कुठलं आन् पत्र्याचं कुठलं, कोन बघतंय?"

ते हसले. मी बाहेर येऊन रडलो.

नीट वाचा, प्रत्येक गाठ अशी नसते. तपासणी टाळू नका, पण घरात कुठलं जनावर आहे तेही सांगा. तुम्ही सांगता का?

घरी आलो तर सगळं ऐकून शेजारी म्हणाला, "गड्या, पाचशे दे, मांजर पिल्लांसकट कराडपल्याड सोडून येतो."

मी नको म्हणालो. ओरखडे धुवायला पाचशे रुपयांत वर्षाचा साबण येतो.