गायरानातली विहीर

एका सकाळी माझ्या कंधारच्या घरी रेवणअप्पांच्या लेकीचा फोन आला. "काका, अप्पा गेले..." मी पलंगावर बसलो आणि उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला. त्या फोनला आता सहा आठवडे झाले.

रेवणअप्पा तेव्हा औशाजवळच्या एका गावचे तलाठी, मी पोलीस शिपाई. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. दुष्काळी कामावरच्या बायामाणसांनी गायरानात विहीर खणली. जमीन सरकारी, घाम गावाचा. पाणी लागलं तसं गावच्या बड्या बागायतदारानं तिथं आपलं इंजिन बसवलं, ऊस भिजवायला लागला. अप्पांनी दप्तरात मात्र नोंद केली, विहीर सार्वजनिक. दुसऱ्याच दिवशी बागायतदाराच्या माणसांनी चावडीत घुसून अप्पांना कुऱ्हाडीच्या दांड्यानं रक्तबंबाळ केलं. ते कळलं आणि गाव उठलं. इंजिन घणानं फोडलं, राखणदाराचं डोकं फोडलं. मग आम्हाला हुकूम आला, विहीर मोकळी करा.

आम्ही विहिरीभोवती जमलेल्या बायांवर तुटून पडलो. घागरी फुटत होत्या, हात मोडत होते. एक म्हातारी पडली. तिच्यावर मी काठी उगारली तोच डोक्याला फडकं बांधलेले अप्पा आडवे आले. काठी त्यांच्या पंजावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला... ते म्हणाले, "जमादार, मीबी सरकार, तुमीबी सरकार. आता सांगा, हिर कुणाची?"

त्या लाठीमाराची चौकशी लागली. तीत मी खरं ते सांगितलं, म्हणून निलंबित झालो. पण कलेक्टरांनी विहीर गावाची म्हणून कायम केली, पाणी भरायच्या पाळ्या ठरवायचं काम बायांकडे दिलं.

पुढं मी माफी मागायला गेलो. त्यांची दोन बोटं वाकडीच राहिली होती. भाकरी पुढं सारत म्हणाले, "सरकारनं कागुद दिला, लई बरं झालं. त्याबिगर आमी मेलो असतो. पर साहेब बदलून जातेत. राखावं गावालाच लागतंय."

परवा त्यांच्या घरी गेलो. बाहेरची खोली उघडीच होती. लेक म्हणाली, "अप्पा कडी लावू देत नव्हते. पाण्याच्या पाळीची वही कुणालाबी बघता यावी म्हणायचे." तेवढ्यात एक बाई न विचारता आत आली. फळीवरची वही काढून तिनं आपल्या नावावर बोट ठेवलं.

"उद्या हाय माझी," म्हणाली, आणि वही जागेवर ठेवून निघून गेली.